प्राणवायू पोहोचतो, तरी पेशी उपाशी का राहते?

श्वास घेतला की प्राणवायू फुप्फुसात जातो आणि तिथून रक्तात मिसळतो, इथपर्यंतचा प्रवास आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पुढचा भाग मात्र बहुतेकांच्या नजरेआड राहतो. रक्ताने आणलेला प्राणवायू पेशीच्या आत ज्या ठिकाणी प्रत्यक्ष वापरला जातो, ती जागा म्हणजे मायटोकाँड्रिया, शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका. शेतात, धान्याच्या गोदामात, गटारात आणि न्हाणीघरात आपला ज्या विषांशी संबंध येऊ शकतो, त्यांतली बरीच विषे नेमकी इथेच घाव घालतात. छाती वरखाली होत असते, नाडी लागत असते, रक्तात प्राणवायूही असतो, आणि तरी पेशी मरू लागते.

हे कसे घडते ते टप्प्याटप्प्याने पाहू. विष कोणत्या टप्प्यावर अडथळा आणते त्यावर लक्षणे ठरतात, उपचार ठरतात आणि आपण काय करू नये हेही ठरते.

आधी जागा ओळखून घेऊ. रक्तातल्या तांबड्या पेशी सोडल्या, तर शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत मायटोकाँड्रिया असतात. हृदयाच्या स्नायूपेशीत तर सुमारे एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते. त्यांचे काम एटीपी नावाचे रसायन बनवणे. स्नायू आकसणे, मेंदूतला संदेश पुढे सरकणे, मूत्रपिंडाने रक्त गाळणे, हे सगळे एटीपीवर चालते. आपण दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतका एटीपी तयार करतो आणि तेवढाच खर्चही करतो. शिल्लक अगदी थोडी असते. म्हणूनच ही निर्मिती थांबली की मेंदू आणि हृदय काही मिनिटांत कोलमडतात.

आता कामाची रीत. मायटोकाँड्रियाला दोन आवरणे असतात. आतले आवरण घड्याघड्यांचे असते आणि त्यात प्रथिनांचे पाच मोठे संच बसवलेले असतात. जेवणातून मिळालेले इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचा भार वाहणारे सूक्ष्म कण, पहिल्या चार संचांमार्फत हातोहात पुढे जातात. चौथ्या संचापाशी त्यांची प्राणवायूशी गाठ पडते आणि पाणी तयार होते. आपण घेतलेल्या बहुतेक प्राणवायूचा शेवट असा पाण्यात होतो.

या प्रवासात जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, आतल्या आवरणाच्या पलीकडे ढकलले जातात. तिथे त्यांचा दाब वाढत जातो. कोयनेच्या धरणात भिंतीमागे पाणी साठते आणि ते खाली सोडले की जनित्र फिरते, तसाच हा प्रकार आहे. पाचवा संच हे इथले जनित्र. प्रोटॉन त्यातून परत येताना तो खरोखरच गोल फिरतो आणि त्या फिरण्यातून एटीपी बनतो. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना ती पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

आता विषांकडे वळू. पहिल्या संचावर काही कोळीनाशके काम करतात. फेनपायरॉक्सिमेट, फेनाझाक्विन ही नावे मिरची किंवा चहा पिकवणाऱ्यांना ओळखीची असतील. पण या टप्प्याचे महत्त्व जगाला कळले ते एका वेगळ्याच घटनेतून. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण माणसे अचानक पुतळ्यासारखी ताठरली. त्यांना बोलता येईना, हलता येईना. चोरून बनवलेल्या एका अमली पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ झाली होती, हे डॉ. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. एमपीटीपीपासून मेंदूत तयार होणारे रसायन पहिला संच बंद पाडते. त्यात नेमक्या त्याच मेंदूपेशी मरतात, ज्या पार्किन्सनच्या आजारात मरतात. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट ही कीटकनाशके-तणनाशके हाताळणाऱ्यांमध्ये पार्किन्सनचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. रोटेनोनही पहिल्याच संचावर बसते. अशा अभ्यासातून एखाद्या रुग्णाच्या आजाराचे कारण सिद्ध होत नाही. पण वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगावर येणारे औषध निरुपद्रवी असते, हा समज मात्र सोडून द्यायला हवा.

तिसऱ्या संचावर ॲझॉक्सिस्ट्रॉबिनसारखी बुरशीनाशके बसतात. द्राक्षबागायतदारांच्या ती रोजच्या परिचयाची. माणसाच्या शरीरात या औषधाचे विघटन झपाट्याने होते, त्यामुळे त्याने तीव्र विषबाधा क्वचितच होते. इथे जास्त थांबायला नको.

चौथ्या संचाशी मात्र थांबायलाच हवे, कारण घराघरांतले बळी इथले आहेत. सायनाइड, हायड्रोजन सल्फाइड, फॉस्फिन आणि काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड, हे चारही याच जागी अडसर घालतात. इलेक्ट्रॉन प्राणवायूपर्यंत पोहोचतच नाहीत. मग पेशी प्राणवायूशिवाय चालणाऱ्या, अगदी अपुऱ्या मार्गाने ऊर्जा मिळवू पाहते आणि त्यातून रक्तात लॅक्टिक आम्ल साचते. म्हणून अशा रुग्णाच्या रक्तातले लॅक्टेटचे प्रमाण डॉक्टर तातडीने पाहतात.

कार्बन मोनॉक्साइड बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे किंवा खोलीत पेटत्या ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीमुळे साचतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. त्याचा मुख्य घाव रक्तातल्या हिमोग्लोबिनवर असतो. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे तो हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि शिवाय चौथ्या संचालाही अडवतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबणे. प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन यांत हे साधे यंत्र फरक करू शकत नाही. आकडा ९८ दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. तो आकडा मनातून काढून टाका, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच रुग्णालयात न्या. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम साधारण दीड तासात होते.

हायड्रोजन सल्फाइड मैल्याच्या टाकीत, गटारात, बायोगॅसच्या खड्ड्यात साठतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस आत उतरतो. तो कोसळलेला पाहून दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत बापलेक, भाऊभाऊ गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच क्रमाने घडतात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे. तरीही माणसे उतरवली जातात, याची चीड यायला हवी. कुणी आत पडले तर आपण उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा. त्यांच्याकडे स्वतःच्या हवेची टाकी असते.

फॉस्फिन निघतो तो धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांमधून. हवेतला ओलावा लागला की गोळी हा वायू सोडू लागते. या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता ठेवण्याचा नियम आहे, पण त्या घरांत पोहोचतात. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी एका खोलीत गोळ्या ठेवून दार लावले जाते आणि वायू भिंतीतल्या फटींतून, नळाच्या पोकळीतून शेजारच्या घरात जातो. तिथे लहान मुलांना उलट्या सुरू होतात आणि सगळे रात्रीच्या जेवणाला दोष देत बसतात. घरातल्या अनेकांना एकाच वेळी उलट्या, छातीत दडपण, गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर अन्नाच्या आधी हवेचा संशय घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि शेजारी कुणी औषध ठेवले आहे का ते विचारा. फॉस्फिन हृदयाच्या स्नायूला सर्वाधिक पांगळे करतो आणि त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीत या गोळ्यांना जागाच असू नये.

आता पाचवा संच, जनित्र. इथे यवतमाळची आठवण येते. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले. किमान वीस जण दगावले. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, हवा दमट होती, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. पंपात अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र केलेली होती. वापरल्या गेलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस होते, तसेच डायफेन्थियुरॉनही होते.

ही दोन औषधे अगदी वेगळ्या वाटेने मारतात. प्रोफेनोफॉस मज्जातंतूंवर काम करते. त्याने लाळ गळते, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, आणि त्यावर ॲट्रोपिन हे औषध उपयोगी पडते. डायफेन्थियुरॉन सूर्यप्रकाशात किंवा शरीरात गेल्यावर बदलते आणि त्यातून तयार झालेले रसायन मायटोकाँड्रियाचे जनित्र थांबवते. त्यावर ॲट्रोपिनचा उपयोग नाही. पंपात नेमके काय होते हे कळलेच नाही, तर डॉक्टरला लक्षणांवरून अंदाज बांधावा लागतो आणि मिश्रणाच्या विषबाधेत लक्षणेही एकमेकांत मिसळलेली असतात.

एक बिघाड असा आहे, ज्यात पाचही संच शाबूत असतात आणि गळते ती भिंत. प्रोटॉन जनित्राला वळसा घालून परत येतात, एटीपी बनत नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. डायनायट्रोफिनॉल हे त्याचे जुने उदाहरण. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते हाताळणारे कामगार वाळत गेले, काही तापाने मेले. १९३३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या डॉक्टरांनी त्यालाच वजन घटवण्याचे औषध म्हणून पुढे आणले. मोतीबिंदू आणि मृत्यू यांमुळे १९३८ पर्यंत अमेरिकेत त्याचा हा वापर बंद पडला. आजही चरबी जाळणारी भुकटी म्हणून ते चोरून विकले जाते. व्यायामशाळेत कुणी देऊ केले तर साफ नाही म्हणा.

कोबी आणि मिरचीवरचे क्लोरफेनापायर याच जातीचे, आणि त्याची खोड आणखी घातक आहे. मूळ औषध तितके विषारी नसते, शरीरात त्याचे रूपांतर झाल्यावर ते भिंत गळकी करते. त्यामुळे रुग्ण काही दिवस बरा दिसतो, चालतो, जेवतो, आणि मग एकाएकी ताप चढून घामाने निथळतो. हा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही, कारण तो मेंदूने चढवलेला नसतो. क्लोरफेनापायर पोटात गेले असेल, तर बरे वाटते म्हणून रुग्णाला लवकर घरी आणण्याची घाई करू नका.

शेवटचा प्रकार पॅराक्वाटचा. हे तणनाशक पेशीतले इलेक्ट्रॉन पळवते आणि थेट प्राणवायूला चिकटवते. त्यातून प्राणवायूचे जहाल, पेशी जाळणारे रूप तयार होते. फुप्फुसाच्या पेशी हे विष ओढून घेतात, म्हणून सर्वाधिक हानी तिथेच होते. इथे नेहमीचा नियम उलटा पडतो. रुग्णाला गरज नसताना प्राणवायू लावला, तर त्या आगीला सरपण मिळते. म्हणून पॅराक्वाटचे नाव रुग्णवाहिकेतल्या माणसालाही आधीच सांगावे.

विषबाधेचा संशय आला तर घरच्यांनी करायची कामे थोडी आहेत. माणसाला औषधापासून दूर न्या, भिजलेले कपडे उतरवा, अंग साबणपाण्याने धुवा, डोळे वाहत्या पाण्याने धुवा. हे करताना आपले हातही झाकलेले असू द्या. उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप यांपैकी काहीही पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या घशातून ते श्वासनलिकेत उतरते. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांकही डॉक्टरांना आणि घरच्यांना कामाचा आहे.

आणि औषधाचा डबा रुग्णालयात सोबत न्या. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, पण कोणता टप्पा बंद पडला हे त्यातून कळत नाही. ते कळते औषधाच्या मूळ रासायनिक नावावरून, आणि ते दुकानातल्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले असते. मजुरीने फवारणी करणाऱ्याची अडचण अशी, की डबा मालकाच्या घरी असतो आणि मजुराच्या हाती मिसळलेले पाणी येते. पंप भरण्याआधी प्रत्येक डब्याच्या लेबलचा फोटो मोबाइलवर काढून घ्यावा आणि घरी कुणाला तरी पाठवून ठेवावा. मालकाने नाव सांगायला टाळाटाळ केली, तर त्या दिवशी पंप पाठीवर घेऊ नये.