हरण्याचा हिशेब

सन २०१३ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या वडील बंधूंच्या चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत ह्यूस्टन शहरीं महिनाभर जाऊन राहिलों होतों. पुतण्याचा मुलगा, म्हणजे नात्यानें आमचा नातूच, त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. तेथील बेसबॉलच्या खेळाचें त्यास मोठें वेड. ‘ह्यूस्टन ॲस्ट्रोज’ हा गांवचा संघ, म्हणून तो त्याचा संघ. एके सायंकाळीं तो आम्हांस खेळ पाहण्यास घेऊन गेला. संघ हरला. परत येतांना पोरानें विचारलें, “आजोबा, बाबा म्हणतात कीं आपला संघ हरतो तें बरेंच आहे, शेवटचा नंबर आला कीं चांगला खेळाडू मिळतो. मग ते मुद्दाम हरतात का हो?” उभा जन्म मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत घालविलेल्या आम्हांस त्या रात्रीं उत्तर सुचलें नाहीं. तेव्हांपासून त्या संघाची हकीकत आम्ही नित्य वाचीत आलों आहों. आज जें उत्तर सुचतें तें वाचकांपुढें ठेवितों.

बेसबॉल हाहि क्रिकेटप्रमाणें चेंडूफळीचाच खेळ आहे. तेथील प्रमुख मंडळांत तीस संघ असून प्रत्येकास एका हंगामांत १६२ सामने खेळावे लागतात. दर वर्षीं शाळा-महाविद्यालयांतून तयार झालेले नवे खेळाडू संघांनीं क्रमानें निवडावयाचे असतात. या निवडीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ती सन १९६५ सालीं सुरू झाली. तिच्यांतील मुख्य तत्त्व असें कीं गेल्या वर्षीं जो तळास राहिला त्यानें आधीं निवडावें. वर्गांतील सर्वांत मागे पडलेल्या मुलास ग्रंथालयांतील पहिलें पुस्तक उचलूं द्यावें, त्यांतलाच हा प्रकार. मूळ हेतु उत्तमच आहे. धनाढ्य संघांनीं सारे गुणी खेळाडू ओढून नेऊं नयेत, दुर्बळासहि वर येण्यास वाव मिळावा, हें कोणास पटणार नाहीं?

परंतु दुर्बळास सवलत दिली म्हणजे दुर्बळ होण्याचा मोह उत्पन्न होतो. ह्यूस्टनचा संघ २००५ सालीं अंतिम स्पर्धेपर्यंत पोंचून हरला होता. पुढें तो खालावत गेला. सन २०११ च्या जुलैंत हंटर पेन्स व मायकेल बोर्न हे त्याचे दोन नांवाजलेले खेळाडू इतर संघांस देऊन त्यांच्या मोबदल्यांत कोवळे खेळाडू घेण्यांत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस संघाची मालकी बदलली व जेफ लुनाउ हे मुख्य व्यवस्थापक झाले. पूर्वीं व्यापारी सल्लागाराचा धंदा केलेले हे गृहस्थ खेळापेक्षां आंकड्यांवर अधिक विश्वास ठेवणारे. मध्यम प्रतीचा संघ राखून मधल्या नंबरावर रेंगाळण्यांत अर्थ नाहीं. विकावयाचें तें विकावें, खर्च आटोपता घ्यावा, हार सोसावी आणि पुढच्या पिकासाठीं बीं जमवावें, असें त्यांचें धोरण होतें. त्याचें फळ असें कीं संघ २०११ सालीं १०६, २०१२ सालीं १०७ आणि २०१३ सालीं १११ सामने हरला. या शेवटच्या हंगामाचा अंत तर लागोपाठ पंधरा पराभवांनीं झाला. त्या सप्टेंबरांतील एका सामन्याच्या वेळीं शहरांत दूरदर्शनवर तो पाहणारांचें गणित शून्य दशांश शून्य असें निघालें! आमचा नातू मात्र पाहत होता. पण एका पोराची गणना कोण करतो?

आतां निवडीविषयीं आमचें मत सांगतों. लागोपाठ तीन वर्षें पहिली निवड मिळण्याचा योग त्यापूर्वीं कोणत्याहि संघास आला नव्हता. २०१२ सालीं त्यांनीं पोर्तो रिको बेटांतील कार्लोस कोरेआ हा सतरा वर्षांचा मुलगा निवडला. पहिल्या स्थानास नेमलेली रक्कम सुमारें ७२ लाख डॉलर असतांना त्याच्याशीं ४८ लाखांत करार ठरला, आणि वांचलेल्या पैशांतून एकेचाळिसाव्या क्रमांकावर लान्स मॅककलर्स या तरुण पिचरास, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यास, २५ लाख डॉलर देतां आले. एका निवडींत दोन रत्नें साधलीं. ही काटकसर आम्हांस पूर्ण मान्य आहे. प्रपंच केलेल्या कोणासहि ती मान्य व्हावी.

२०१३ सालीं मार्क ॲपेल हा पिचर निवडला. तो ह्यूस्टनकडून एकहि सामना खेळला नाहीं. दुसऱ्या संघांतून वरच्या मंडळांत त्याचें पाऊल पडलें तें २०२२ सालीं. त्याच्या मागोमाग, दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला क्रिस ब्रायंट मात्र शिकागोच्या संघांत जाऊन तीनच वर्षांत आपल्या मंडळाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी या चुकीबद्दल आम्ही दोष देत नाहीं. शाळेंतले पहिल्या नंबरचे सारेच विद्यार्थी पुढें चमकले, असें कोणता शिक्षक छातीवर हात ठेवून सांगेल?

२०१४ ची गोष्ट निराळी. ब्रेडी एकेन या तरुणास पहिल्या क्रमांकावर निवडून, वैद्यकीय तपासणींत कोंपराविषयीं शंका येतांच देऊं केलेली रक्कम घटविण्यांत आली व करार फिसकटला. शंका खरी होती. पुढच्याच वर्षीं त्या कोंपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. पण या घासाघिशींत त्याच संघानें निवडलेल्या जेकब निक्स नांवाच्या दुसऱ्या मुलाशीं ठरत आलेला करारहि मोडला. संघास मात्र भरपाई म्हणून २०१५ सालीं दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली आणि तिच्यांतून ॲलेक्स ब्रेगमन लाभला. हिशेब चोख ठरला. परंतु निक्सचा त्यांत काय अपराध होता, हें आम्हांस अद्याप समजलेलें नाहीं.

आंकड्यांची दृष्टि कोठें अपुरी पडते याचींहि दोन उदाहरणें आहेत. जे. डी. मार्टिनेझ यास २०१४ च्या मार्चांत निरुपयोगी म्हणून सोडून दिलें. त्यानें आपली फटका मारण्याची ढब मेहनतीनें बदलली होती, तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. डेट्रॉइटनें त्यास उचललें आणि तो नामांकित फलंदाज झाला. दुसरें उदाहरण होजे आल्टुव्हे याचें. उंची अवघी साडेपांच फूट. व्हेनेझुएलांतील परीक्षकांनीं ‘फार ठेंगू’ म्हणून प्रथम त्यास घरीं पाठविलें. दुसऱ्या दिवशीं तो जन्माचा दाखला घेऊन पुन्हां हजर झाला. सन २००७ सालीं सुमारें पंधरा हजार डॉलरांत त्यास घेण्यांत आलें. ड्राफ्टच्या यादींत तो कधींच नव्हता, कारण त्या देशास ती पद्धति लागूच नाहीं. कोट्यवधींच्या निवडींच्या आधींपासून घरांत असलेला हाच ठेंगू मुलगा पुढें संघाचा कणा बनला.

अखेर पीक हातीं आलें. २०१५ सालीं संघानें ८६ सामने जिंकले. २०१७ च्या ऑगस्टांत हार्वे नांवाच्या वादळानें ह्यूस्टन जलमय झालें; त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशीं संघानें आपले तीन होतकरू तरुण देऊन चौतीस वर्षांचा मुरलेला पिचर जस्टिन व्हरलँडर आणला. ही खरेदी आमच्या मतें साऱ्या धोरणांतील सर्वांत शहाणी. बीं जमवावें तें पेरण्यासाठीं. नुसतें कोठारांत भरून ठेवण्यासाठीं नव्हे. १ नोव्हेंबर २०१७ रोजीं लॉस एंजेलिसच्या संघास सातव्या सामन्यांत हरवून ह्यूस्टननें पहिलें जगज्जेतेपद मिळविलें. आमच्या पुतण्यानें फोन केला. “काका, हरण्याचा हिशेब बरोबर निघाला कीं नाहीं?” आम्हीहि त्या दिवशीं पेढे वांटले, खोटें कशास बोलावें?

परंतु पोराचा प्रश्न शिल्लकच होता. ते मुद्दाम हरत होते काय? मैदानांतील खेळाडू खचितच नव्हते. प्रत्येकाची भाकर त्या दिवसाच्या खेळावर अवलंबून होती. जिंकण्याची इच्छा सोडली होती ती वरच्या कचेरींत बसलेल्यांनीं. मागासलेल्या शाळेस अधिक अनुदान मिळतें म्हणून एखाद्या मुख्याध्यापकानें तीन वर्षें चांगले शिक्षक नेमूं नयेत आणि चौथ्या वर्षीं भव्य इमारत बांधावी, तर त्या इमारतीचें कौतुक होईल. पण मधल्या तीन वर्षांत नापास झालेल्या मुलांचीं वर्षें कोण परत देणार? नव्या बांधणीसाठीं जुनें मोडावें लागतें, हें आम्ही मानतों. तरुणांस संधि द्यावी आणि त्यांच्या चुका सोसाव्या, हेंहि मानतों. मात्र प्रयत्न करून हरणें आणि हार हीच मिळकत समजणें यांत महदंतर आहे.

हें अंतर पुढें सर्वांस दिसलें. २०२० च्या जानेवारींत चौकशीअंतीं जाहीर झालें कीं २०१७ च्या हंगामांत ह्यूस्टनचा संघ कॅमेऱ्याच्या साहाय्यानें प्रतिपक्षाच्या खुणा चोरीत होता आणि पुढचा चेंडू कसा येणार तें कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजास कळवीत होता. लुनाउ व प्रशिक्षक हिंच यांस वर्षभर दूर ठेवण्याची शिक्षा झाली व मालकानें त्याच दिवशीं दोघांसहि काढून टाकलें. संघास पन्नास लाख डॉलर दंड झाला. आणि २०२० व २०२१ या दोन्ही वर्षांच्या ड्राफ्टांतील पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या निवडी जप्त झाल्या. ज्या निवडींसाठीं तीन वर्षें मान खालीं घालून काढलीं, त्याच दंडांत द्याव्या लागल्या! एकाचा दुसऱ्याशीं कार्यकारणसंबंध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नियमांत बसतें तेवढें सारें योग्य, अशी बुद्धीस एकदां संवय लागली म्हणजे नियमाची कड केव्हां ओलांडली हें कळत नाहीं.

संघ २०२२ सालीं नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालीं पुन्हां जगज्जेता झाला, हें नमूद करणें न्यायाचें आहे. मंडळानेंहि आपला नियम सुधारला. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडी सोडतीनें ठरतात व तळच्या तिन्ही संघांस सारखीच संधि असते. त्यामुळें तळ गांठण्याची पूर्वीइतकी किंमत उरलेली नाहीं.

२०२० च्या त्या बातमीनंतर आम्ही नातवास मुद्दाम फोन केला होता. तो तेव्हां सोळा वर्षांचा होता. संघाची टोपी त्यानें कपाटांत ठेवून दिली होती. तो म्हणाला, “आजोबा, आम्ही हरत होतों तेव्हां शाळेंत ती टोपी घालून जायला मला कधीं लाज वाटली नाहीं. आतां वाटते.” आम्ही सात वर्षें शोधीत असलेलें उत्तर त्यानेंच दिलें. २०२२ सालीं ती टोपी पुन्हां बाहेर निघाली असें पुतण्यानें कळविलें, तेव्हां आम्हांस त्या जेतेपदापेक्षांहि अधिक समाधान वाटलें.

असो. घरांतील मुलें कोणत्या ना कोणत्या संघाचीं भक्त असतातच. तो हरला म्हणून त्यांस चिडवूं नये, आणि जिंकला म्हणजे कसा जिंकला हें विचारावयास विसरूं नये, इतकेंच सुज्ञ वाचकांस सुचवून हा लेख पुरा करितों.