जन्मजात प्रतिकारशक्तीची आठवण : जनुकांची यादी वाचायची कशी?

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

शाळेत आपण शिकलो, की आठवण ठेवतात त्या बी आणि टी पेशी. मोनोसाइट वगैरे विसरभोळ्या. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या मिहाई नेटेआ आणि सहकाऱ्यांनी ‘ट्रेन्ड इम्युनिटी’ ही संकल्पना मांडली. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवलं, की बीसीजीनंतर तीन महिन्यांनीही स्वयंसेवकांच्या मोनोसाइट क्षयरोगाशी संबंध नसलेल्या जंतूंनाही जास्त जोराने उत्तर देतात.

हे समजायला आपल्या यवतमाळचा कापूस घ्या. २०१७ मध्ये ज्याचं पीक गुलाबी बोंडअळीने खाल्लं, तो शेतकरी पुढच्या हंगामात कोणतीही कीड दिसली तरी लवकर सावध होतो. शेत तेच, माणूस तोच. बदलते ती तयारी. पेशीतही डीएनएची अक्षरं तीच राहतात. डीएनए ज्या हिस्टोनभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर रासायनिक खुणा उमटतात आणि आयएल-१बी, टीएनएफ यांसारखी जनुकं पटकन सुरू होतात.

अशी जनुकं शेकडो शोधनिबंधांत विखुरलेली. ती एकत्र करणारा ‘टीआयडीबी’ हा डेटाबेस २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ प्रयोगांचा बराचसा डेटा ‘जिओ’वर फुकट मिळतो. म्हणजे पुसदला किंवा वणीला बसून, एका लॅपटॉपवर खरं काम सुरू करता येतं.

पण सांभाळून! पहिल्या वर्षी मी सरळ यादी उचलली आणि हीटमॅप काढून मोकळा झालो. दोन गोष्टी बघितल्याच नाहीत.

एक, विश्रांती. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पद्धतीत पेशींना २४ तास बीटा-ग्लुकन देतात, धुतात, काही दिवस शांत ठेवतात आणि मग एलपीएस देऊन बघतात. मधली शांतता नसेल, तर दिसते ती पहिलीच धग. तिला आठवण म्हणायचं कसं?

दोन, तुलना कोणाशी? नेदरलँड्समध्ये सरसकट बीसीजी कधीच दिली गेली नाही. आपल्याकडे ती जन्मतःच देतात. तिथला ‘कोरा’ नमुना आपल्यासाठी कोरा असेलच असं नाही.

मग ‘जीनोम इंडिया’ आहे ना? आहे. १० हजार भारतीयांचे जीनोम जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले. पण त्यात अक्षरांचा क्रम आहे, हिस्टोनवरच्या खुणा नाहीत. तुमचा संशोधनप्रश्न कदाचित याच फटीत दडलेला असेल.

आज एवढंच करा : यादीतलं एक जनुक निवडा, त्याचा मूळ निबंध उघडा आणि वहीत चार रकाने आखा. पहिली चेतना, विश्रांती, दुसरी चेतना, रक्त कोणाचं. एखादा रकाना रिकामा राहिला, तर ते जनुक सध्या बाजूला ठेवा.