ऑस्टिनचा ‘जिगसॉ’ वर्ग

१९७१. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि हाणामाऱ्या सुरू झाल्या. मदतीला आलेले मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांना खोट दिसली ती मुलांत नव्हे, तर ‘आधी हात कोण वर करतो’ या चढाओढीत.

त्यांनी जिगसॉ कोड्यासारखे धड्याचेच तुकडे केले. एलिनॉर रूझवेल्ट यांचं चरित्र गटात वाटून दिलं; प्रत्येकाकडे एकच भाग. सारखा भाग आलेली मुलं आधी एकत्र तयारी करत, मग आपापल्या गटाला तो शिकवत. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्याची टिंगल केली, तर नुकसान स्वतःचंच! परीक्षा पूर्ण चरित्रावर असे, आणि ज्याची त्याला.

पूर्वग्रह घटले. अल्पसंख्याक मुलांचे गुण वाढले आणि गोऱ्या मुलांचे कमीही झाले नाहीत.