पुढचं मोबाईल वर्कस्टेशन कसं असेल?

मोबाईल वर्कस्टेशन म्हणजे ऑटोकॅड, थ्रीडी मॉडेल, ड्रोन मोजणीचे नकाशे अशा जड कामांसाठी बनवलेला लॅपटॉप. त्याच्या पुढच्या मॉडेलचा अंदाज अलीकडच्या बदलांवरून बांधता येतो.

रॅम बदलता येईल?
पातळ लॅपटॉपमध्ये कमी वीज खाणारी रॅम बहुधा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती बिघडली की अख्खा बोर्ड बदलायची वेळ येते. २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये 'एलपीकॅम२' रॅम आली. ती स्क्रूने बसते, त्यामुळे काढून बदलता येते. हीच पद्धत पुढे वाढेल, असं मानायला जागा आहे. संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालसारख्या गावात, जिथून दुरुस्तीला शहर गाठावं लागतं, तिथे हा मोठा फायदा ठरेल.

उन्हाळ्याचं काय?
बरेच लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पंखा गरम हवाच आत ओढतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. लॅपटॉप जितका पातळ, तितकी हवा खेळायला जागा कमी. म्हणून नवं मॉडेल किती बारीक आहे यापेक्षा ते उन्हाळ्यात किती वेळ पूर्ण वेगाने चालतं, हे आधी बघावं.