एकाच झाडाचं बी

मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे 600 किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचं छोटंसं बेट आहे. तिथल्या 'कॅफे मारोन'ला, म्हणजे रानकॉफीला, वनस्पतिशास्त्रज्ञांनी नामशेष ठरवून टाकलं होतं. 1980 च्या सुमारास तिथल्या एका शिक्षकाने मुलांना आसपासची झाडंझुडपं शोधायला लावलं आणि एका मुलाने आणलेली फांदी नेमकी याच झाडाची निघाली. रस्त्याच्या कडेला, शेळ्यांनी ओरबाडलेलं, एकुलतं एक झाड. बेटावर ते गुप्तरोगावरचं औषध समजलं जाई. त्यामुळे बातमी पसरताच लोक फांद्या मोडून नेऊ लागले. कुंपण घातलं, तरी फांद्या जातच राहिल्या.

1986 मध्ये काही फांद्या विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात पोचल्या. तिथे छाटकलम जगलं, कलमावरून कलमं झाली, चांदणीसारखी पांढरी फुलंही भरपूर येऊ लागली. झालं काम, असंच कुणालाही वाटेल. पण कलम म्हणजे तेच झाड दुसऱ्या कुंडीत. शंभर कुंड्या भरल्या तरी झाड एकच. जो रोग एकाला मारेल तो शंभरांनाही मारू शकेल. वेगळं झाड हवं तर बी हवं, आणि फळ काही धरेना.

घोडं अडलं होतं फुलात. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून एक अतिसूक्ष्म नळी फुटते आणि कुक्षीखालच्या दांड्यातून उतरत बीजांडापर्यंत जाते. इथे ती वाटेतच थांबायची. कार्लोस मॅग्दालेना या क्यूमधल्या माळ्याने (मी मुद्दाम माळी म्हणतो, कारण पुढचं काम हाताचंच आहे) दांड्याचा शेंडा कापून त्या जखमेवरही पराग लावून पाहिला. अखेर 2003 मध्ये काचघरातल्या जास्त उष्ण जागी ठेवलेल्या झाडांवर तो पुन्हापुन्हा हाताने पराग लावत राहिला, तेव्हा फळ धरलं.

त्या बियांतून उगवलेली रोपं आईसारखी दिसतच नाहीत. मोठ्या झाडाची पानं रुंद, हिरवीगार. रोपांची मात्र लांबट, चिंचोळी, तपकिरी, सुकल्यासारखी. बेटावर पूर्वी महाकाय कासवं चरत, त्यांच्या तोंडून वाचण्यासाठी हे सोंग असावं असा अंदाज आहे. ती कासवं माणसांनी केव्हाच संपवली.

क्यूतल्या बियांपासूनची रोपं पुढे रॉड्रिग्जला परत गेली.