बिसलरी की साधं?

विशेषनाम एकाचे आणि सामान्यनाम साऱ्या जातीचे, ही फारकत मराठी व्याकरण शाळेतच शिकवते. बाजारात मात्र ही वेस सतत ओलांडली जाते, आणि रोजच्या मालाच्या नाममुद्रेचे, म्हणजे व्यवहारात ज्याला ब्रँड म्हणतात त्याचे, भवितव्य पुष्कळदा ती कोणत्या बाजूने ओलांडली गेली यावर ठरते.

डालडाची गोष्ट सरळ आहे. तेलात हायड्रोजन मिसळून ते तुपासारखे घट्ट व रवाळ केले की वनस्पती तूप होते. असे तूप परदेशातून आणणाऱ्या डच व्यापाऱ्यांच्या ‘दादा’ या नावात लिव्हर कंपनीने आपल्या आद्याक्षराचा ‘ल’ घातला आणि 1937 साली ‘डालडा’ बाजारात आला. माडाचे चित्र असलेला त्याचा पिवळा डबा रिकामा झाल्यावरही टाकला जात नसे; चाळीच्या गॅलरीत त्यात तुळस लागे. पुढे कोणतेही वनस्पती तूप डालडाच म्हणवू लागले, आणि एवढे घरोघरी पोचलेले नाव लिव्हरने 2003 साली विकून टाकले.

पार्ल्याच्या बिस्किटाचा प्रवास याच्या उलट, आणि म्हणून अधिक उद्बोधक आहे. 1929 साली विलेपार्ल्यात सुरू होऊन उपनगराचेच नाव घेतलेल्या या कंपनीच्या बिस्किटाचे नाव होते ‘पार्ले ग्लुको’. पण ग्लुकोज हा घटक कोणाच्याही बिस्किटात असू शकत असल्याने तो शब्द एकट्याच्या मालकीचा होणे अवघड होते. त्या काळच्या वेष्टनावर शेतघराच्या अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी असे, भोवती गाई आणि कोंबड्या. म्हैसूरच्या एका उत्पादकाच्या ‘ग्लुकोज बिस्किट’ पुड्यावरही अंगण, गाई, कोंबड्या आणि मुलगी होतीच, फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने दोन्ही पुड्यांतील फरक मोजून पार्लेचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1972 साली तो मान्य केला. दोन वेष्टने शेजारी ठेवून भेद शोधायचे नसतात, एक पाहिल्यानंतर काही काळाने दुसरे पुढे आले तर गल्लत होईल का, एवढेच पाहायचे असते, असे सांगताना सामान्य गिऱ्हाइकाकडे शेरलॉक होम्सची निरीक्षणशक्ती नसते, असा शेराही न्यायालयाने मारला. वाणसामानाच्या दुकानात उभे राहिलेल्या कोणालाही तो पटावा. गिऱ्हाईक वेष्टन वाचत नाही. रंग आणि चित्राचा ठसा ओळखून ते हात पुढे करते.

तरीही निकालाने चित्र वाचले, शब्द वाचला नाही. ग्लुकोज बिस्किटे इतरांचीही होती आणि नुसते ‘ग्लुकोज’ मागणाऱ्याच्या हाती कोणताही पुडा पडू शकत होता. शेवटी 1980च्या दशकात कंपनीने तो शब्दच सोडला, त्याचे आद्याक्षर तेवढे ठेवले आणि ‘पार्ले-जी’ हे नाव घेतले. सामान्यनामाला छाटून त्याचे विशेषनाम करण्याचा इतका काटकसरी प्रयोग विरळाच.

पार्ले कंपनी ज्यांची, त्या चौहान घराण्याच्याच दुसऱ्या शाखेकडे नेमके विरुद्ध दुखणे आले. बिसलेरी हे मूळ एका इटालियन उद्योजकाचे, फेलिचे बिसलेरी यांचे आडनाव. 1965 साली ठाण्यात या नावाने बाटलीबंद पाण्याचा कारखाना निघाला आणि 1969 मध्ये तो चौहानांनी घेतला. पाणी विकत घ्यायची कल्पनाच नवी असल्याने वस्तूला वेगळा शब्द रुळण्याआधी नावच रुळले, आणि मराठी तोंडात त्याची ‘बिसलरी’ झाली. जो शब्द बोलीभाषेत वा व्यापाराच्या रिवाजात सर्रास रूढ झाला असेल त्याची नोंदणी 1999चा व्यापारचिन्ह कायदा नाकारतो. नोंदलेल्या नावालाही असे सर्रास होणे परवडत नाही. सगळ्यांचीच वेष्टने निळी झाल्यावर कंपनीने 2006 मध्ये आपले वेष्टन हिरवट केले, आणि पाण्याची प्रत्येक बाटली बिसलेरी नव्हे हे पुढे उंटांच्या तोंडून वदवणाऱ्या जाहिराती काढल्या. उंटांनी आपले काम चोख केले, पण हॉटेलात टेबल पुसता पुसता पोऱ्या अजूनही ‘बिसलरी की साधं?’ असेच विचारतो, आणि ‘बिसलरी’ म्हटल्यावर फ्रीजमध्ये ज्या कंपनीची बाटली हाताला लागेल ती आणून ठेवतो.