रजेच्या अर्जातील आजार

तीन वर्षांपूर्वी मी प्राचार्यांकडे रजेचा अर्ज दिला. कारण लिहिले, पित्ताचा विकार. आजार होता नैराश्याचा. घराण्यातला मी पहिला पदवीधर. 'राखीव जागेवरचा' ही पाटी स्टाफरूममध्ये आधीच गळ्यात होती, तिच्याखाली 'वेडा' हा शब्द जोडून घेण्याची माझी तयारी नव्हती. आई म्हणाली, "कुणाला सांगू नको बाबा, नोकरी जाईल." पुढे गैरहजेरीचा खुलासा मागणारी नोटीस आली, तेव्हा ते पित्त काही कामाला आले नाही.

नोकरी खरेच जाते काय? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या अनुसूचीत मानसिक आजार आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने काढू नये, खालच्या पदावर ढकलू नये. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे, असे कलम २० सांगते. शासनाचे अनुदान घेणारी संस्थाही या व्याख्येत येते, हे आमचे संस्थाचालक सोयीस्करपणे विसरतात. अर्थात चार दिवसांची उदासी म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. आजार दीर्घकाळचा आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणणारा असावा लागतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकारी रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. मानसिक दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभावच आहे, असे न्यायालयाने म्हटले.

पण जो आजार कागदावरच नाही, त्याची सोय कोण करणार? म्हणून पुढच्या अर्जात मी खरे लिहिले. तेही बेताचेच: दीर्घकालीन मानसिक आजार, उपचार चालू, गोळ्यांची गुंगी सकाळी उतरत नाही, तरी पहिल्या तासिकेऐवजी नंतरची द्यावी. सोबत मनोविकारतज्ज्ञांचा दाखला जोडला आणि पोच घेतली. बाकीचे सारे डॉक्टरांपाशीच राहिले; ती गुप्तता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिलेली आहे. दाद मिळाली नसती तर आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता आले असते. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते आणि त्यानेही समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही. वेळापत्रक बदलले. विभागप्रमुख तेव्हापासून माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात, एवढेच.

मी कायम सेवेत आहे, म्हणून हे निभावले. तासिका तत्त्वावर राबणारी आपली कितीतरी मुले-मुली आहेत. त्यांना काढावे लागतच नाही. पुढल्या सत्रात बोलावले नाही की झाले. 'लिहून द्या' असे त्यांना छातीठोकपणे सांगण्याचे धाडस मला अजून होत नाही.